कशाला हवंय, एवढं तरी विचारा

कुणी आधारची झेरॉक्स मागितली की आपण देतो. मागणारा कोण, ती कुठल्या ड्रॉवरमध्ये जाणार, किती वर्षं तिथे पडून राहणार, ऑफिस बंद झालं की ते गठ्ठे कोण उचलणार, यातलं काहीच विचारत नाही, कारण विचारायला कसंतरीच वाटतं. समोरचा टेबलापलीकडे बसलेला असतो, आपल्यामागे लाइन असते, आणि 'कशाला हवंय?' असं विचारलं तर त्याला वाटेल की आपण संशय घेतोय, भांडकुदळ आहोत, उगाच वेळ खातोय. भीड भिकेची बहीण असं जुनी माणसं म्हणायची. ओळखचोरीच्या ज्या ज्या गोष्टी मी जवळून पाहिल्या किंवा नीट वाचून काढल्या, त्यांच्या मुळाशी मला ही भीडच दिसत आलीये. देताना नाही म्हणायची भीड आणि फसल्यावर सांगायची लाज. चोराला या दोन्हींचा फायदा होतो, आणि याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललंच जात नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पाकीट मारलं तर खिसा हलका लागतो, घर फोडलं तर कुलूप तुटलेलं दिसतं. ओळख चोरली तर काहीच कमी होत नाही. तुमचं आधार तुमच्याच पर्समध्ये असतं, पॅन कपाटातल्या फाइलमध्ये, फोन हातात, आणि तरी तिकडे कुठेतरी तुमच्या नावाने सिम चालू झालेलं असतं, कर्ज उचललेलं असतं, नाहीतर एखादी बोगस फर्म उघडून तिच्या नावाने खोटी बिलं फाडणं चालू असतं. मजुरी करणाऱ्या माणसाच्या दारात कोट्यवधींच्या कराची नोटीस येते त्या बातम्या आपण वाचतो ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, कधीतरी कुणाला तरी कामासाठी म्हणून दिलेले कागद. आणि हे सगळं कळतं तेव्हा खूप उशीर झालेला असतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एकदम बऱ्याच लोकांनी सोशल मीडियावर लिहायला सुरुवात केली की आपल्या पॅनवर कुणीतरी एका ॲपवरून कर्ज घेतलंय आणि आपल्याला पत्ताच नाही. त्यात अभिनेत्री सनी लिओनीही होती, कर्ज २,००० रुपयांचं. पुढे एप्रिलमध्ये राजकुमार रावनेही तसंच सांगितलं, त्याच्या नावावर २,५०० रुपये. रक्कम बघून लोकांनी ते हसण्यावारी नेलं, मला मात्र त्या छोट्या रकमेचीच धास्ती वाटली. छोट्या कर्जाला तपासणी कमी असते, पटकन मंजूर होतं, आणि हप्ता दोन हजारांच्या कर्जाचा थकला काय की दोन लाखांच्या, रेकॉर्डवर तो थकलेलाच दिसतो.

दुसऱ्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. यांनी अभिषेक बच्चन, माधुरी दीक्षित, महेंद्रसिंग धोनी अशा लोकांच्या नावावर क्रेडिट कार्डं काढली होती. पॅन कुठून मिळवला? जीएसटी नंबरवरून. आता हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. कुठल्याही बिलावर वर एक पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर छापलेला असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र असेल तर २७. त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे जसाच्या तसा पॅन. त्या पॅनमधलं चौथं अक्षर 'पी' असेल तर तो व्यक्तीचा पॅन आहे, कंपनीचा नाही, आणि पाचवं अक्षर त्या व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणजे जो माणूस एकट्याच्या नावावर धंदा करतो त्याचा पॅन रोज प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात जातो, दारावरच्या पाटीवरही असतो, कारण नियमच तसा आहे. मोठ्या लोकांच्या जन्मतारखा तर गूगलवर असतातच. त्या टोळीने त्याच नंबरांची पॅनकार्डं नव्याने बनवून घेतली, फोटो मात्र स्वतःचे लावले, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर तपासणी करताना चेहरा आणि कार्ड जुळलं. जुळलं म्हणजे झालं, पुढचं कुणी बघितलं नाही.

खोट इथेच आहे असं मला वाटतं. पॅन काय, आधार नंबर काय, जन्मतारीख काय, या गुपित राहूच शकत नाहीत अशा गोष्टी आहेत, शेकडो ठिकाणी दिलेल्या. आणि व्यवस्था मात्र अजून बऱ्याच ठिकाणी असं धरून चालते की ज्याला हे माहीत आहे तो तोच माणूस असणार. ही चूक सामान्य माणसाची नाही. पण फळं तो भोगतो, म्हणून निदान आपल्या हातात जेवढं आहे तेवढं तरी करायला हवं.

शेजारच्या काकूंचं सांगते. निवृत्त शिक्षिका. आयुष्यात उधारी केली नाही, वाण्याची वहीसुद्धा महिना संपायच्या आत चुकती करणाऱ्या. मुलीच्या गृहकर्जात सहकर्जदार म्हणून नाव लावायचं होतं, तर बँकेने सांगितलं की तुमचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून निघणारा आकडा, बसत नाही. काकूंना वाटलं काहीतरी गोंधळ आहे. त्या नोंदींचा क्रेडिट रिपोर्ट काढला, त्यांच्या डायनिंग टेबलावर पसरून आम्ही दोघी बसलो. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, पॅन बरोबर. पत्त्यांच्या रकान्यात तीन पत्ते, त्यातल्या एका शहरात काकू कधी गेलेल्याही नाहीत. फोन नंबर दोन, एक अनोळखी. ईमेल एक, तोही यांचा नाही. खाली दोन कर्जं, एक छोटं वैयक्तिक, दुसरं हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचं, दोन्ही थकलेली. आणि सगळ्यात शेवटी चौकशांची यादी, म्हणजे कुठल्या कुठल्या कंपनीने यांचा रिपोर्ट कधी मागवला होता त्याची. ती यादी वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ज्या अर्जांवर कर्ज मिळालं नाही त्यांच्याही नोंदी तिथे होत्या. कुणीतरी बसून एकापाठोपाठ एक दारं ठोठावून बघितली होती.

स्कोअर सगळे बघतात, ॲपवर गोल चाक फिरतं आणि आकडा येतो, तो बघून आपण खूश. पण आकड्याने काही कळत नाही. पूर्ण रिपोर्ट उघडून पत्ते, फोन, ईमेल आणि ती शेवटची चौकशांची यादी वाचायची असते. आपल्या देशात असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार संस्था आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. चारही एकदम काढू नका, तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा काढा, म्हणजे वर्षभर नजर राहते. २०२४ पासून आणखी एक चांगली गोष्ट झालीये, कुणी तुमचा रिपोर्ट मागवला की त्या संस्थेने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायला हवं. पण त्यासाठी त्यांच्याकडे तुमचा खरा नंबर असायला हवा, आणि काकूंच्या बाबतीत तोच बदललेला होता.

आणि काकूंना सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असेल तर लाजेचा. आठवडाभर त्यांनी मुलीलाही काही सांगितलं नव्हतं. 'लोकांना वाटेल बाईंनी पैसे बुडवले' असं त्या मला परत परत म्हणत होत्या. ज्यांनी काही केलंच नाही त्या माणसाने मान खाली घालायची, हे मला अजून सहन होत नाही.

मराठी माणसाला खरं तर दुसऱ्याची ओळख पांघरून येणारा माणूस नवा नाही. १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांतच 'मीच भाऊ' म्हणत एक जण उभा राहिला. सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण होता तो. चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत टाकला, आणि तरी १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटल्यावर त्याच्यामागे हजारोंची फौज जमली, कोकणातला बराच मुलूख त्याने काबीज केला, शेवटी त्याच वर्षी पकडून पुण्यात देहदंड झाला. पार्वतीबाईंनी तर नवरा गेला हे शेवटपर्यंत मानलं नाही असं सांगतात. लोकांना तो परत यायला हवा होता, त्या ओढीवर तोतयाचं सगळं उभं राहिलं. पण त्या काळी निदान भाऊंना ओळखणारी माणसं समोर बसवून, प्रश्न विचारून, खुणा तपासून निवाडा करता आला. आज माझ्या नावाने अर्ज करणाऱ्याला मला ओळखणारं कुणीच बघत नाही, कागद आणि आकडे बघतात, आणि मला ओळखणारी सगळी माणसं इकडे माझ्या आजूबाजूला राहून जातात.

झेरॉक्सकडे परत येते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने एक सूचना काढली होती की आधारची प्रत सरसकट कुणाला देऊ नका, द्यायचीच तर मास्क्ड आधार द्या. दोनच दिवसांत ती मागे घेतली, चुकीचा अर्थ निघू शकतो असं कारण देऊन. लोकांच्या डोक्यात त्या गडबडीत एवढंच राहिलं की काही काळजीचं कारण नाही. पण त्यातला मास्क्ड आधारचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता आणि ती सोय आजही आहे. आधारच्या साइटवरून डाउनलोड करताना मास्क्ड हा पर्याय निवडायचा, मग बारापैकी पहिले आठ आकडे झाकले जातात आणि शेवटचे चार दिसतात. बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरतं. नंबर द्यावाच लागला तर सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी काढता येतो, नंतर तो बदलून टाकता येतो. आणि कागदी प्रत द्यायचीच वेळ आली तर पेनाने त्या प्रतीवर, कोऱ्या कडेला नाही, मजकुरावरून तिरकं लिहायचं, कुणासाठी, कशासाठी, कुठल्या तारखेला, आणि सही. फोटो आणि नाव वाचता येईल असं, पण पुसता येणार नाही असं. ती प्रत मग दुसऱ्या कामाला वापरणं अवघड होतं. काही ठिकाणी म्हणतात 'लिहिलेली चालत नाही, कोरी द्या', तेव्हा शांतपणे विचारायचं की कुठल्या नियमात लिहिलंय. मी विचारते. बहुतेक वेळा लिहिलेली चालते.

सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात खाजगी कंपन्यांना आधारची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं, बँक खातं आणि मोबाइल नंबरला आधार जोडणं बंधनकारक नाही असंही म्हटलं. नंतर कायद्यात बदल झाले, स्वेच्छेने देण्याची वाट ठेवली, पण स्वेच्छेने म्हणजे आपल्या इच्छेने. दुसरं ओळखपत्र चालेल का, हे विचारायचा हक्क आहे आपल्याला. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र ही पण ओळखपत्रंच आहेत की.

बोटांच्या ठशांचं अनेकांना माहीतच नाही. आधारवर चालणाऱ्या पैसे काढायच्या सोयीत, खेडोपाडी जी छोट्या मशीनवर बोट ठेवून वापरतात, ओटीपी लागत नाही, आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा पुरतो. काही राज्यांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरून ठसे उचलून, सिलिकॉनवर उतरवून, लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याच्या केसेस झाल्या आहेत. यावर उपाय फुकट आहे आणि पाच मिनिटांचा आहे, आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करायचं. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं. तिथेच मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं त्याची यादी पण दिसते, ती एकदा बघाच. ज्या म्हाताऱ्या माणसांना रेशन किंवा पेन्शन ठसा देऊन मिळते त्यांचं लॉक करताना मात्र त्यांना समजावून, नाहीतर तिथे दुकानात त्यांचा ठसा लागणार नाही आणि ती बिचारी उन्हात खोळंबून राहतील.

आता फोन. आपली ओळख आज खरी कुठे असेल तर सिममध्ये, कारण सगळे ओटीपी तिथे येतात. म्हणून चोर आधी सिम मागतो. तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं की तुमच्या फोनची रेंज जाते. आपण काय करतो, टॉवर गेला असेल म्हणून फोन बाजूला ठेवतो आणि तेवढे तास त्याला पुरतात. अचानक आणि बराच वेळ रेंज नसेल, शेजारच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र असेल, तर दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला विचारायचं. नियमांनी थोडं संरक्षण दिलंय, सिम बदलल्यावर चोवीस तास एसएमएस बंद राहतात, आणि जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. ते चोवीस तास तुमच्यासाठीच ठेवलेले आहेत, पण ते वापरायला तुम्हाला कळायला हवं ना की काहीतरी झालंय.

दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. एका माणसाच्या नावावर बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त नऊ चालतात, म्हणजे तुमचे दोन असतील तर उरलेले सात कुणीतरी वापरू शकतं आणि मर्यादा ओलांडली असंही होणार नाही. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' म्हणून कळवता येतं. तुमच्या नावावरच्या सिमवरून कुणी दुसऱ्याला लुबाडलं तर पोलीस पहिले तुमच्या दारात येतात, म्हणून हे महत्त्वाचं. आणि जुना नंबर सोडताना तो बँकेतून, आधारमधून, ईमेलमधून आधी काढा, कारण बंद केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. घरातलं कुणी गेलं की त्यांचा नंबर, त्यांचं ईमेल, त्यांची कागदपत्रं यांच्याकडे बघायची त्या दिवसांत कुणालाच ताकद नसते, ते समजण्यासारखं आहे, तरी महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी ते काम अंगावर घ्यायला हवं.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणाऱ्या, फाइलींबद्दल सगळ्यांनी ऐकलंय, लग्नाची पत्रिका, वाहतुकीचं ई-चलन, किसान योजनेचं नाव, उघडली की फोन त्याच्या ताब्यात. त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच, पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, इन्स्टॉल करायची गोष्ट नसते.

ज्यावर लिहायलाच हवं ती म्हणजे ओळखचोरीची भीती दाखवून केलेली चोरी. फोन येतो, 'तुमच्या आधारवर पार्सल गेलंय, त्यात ड्रग्ज सापडलेत', किंवा 'तुमच्या नावावर खातं उघडून त्यातून मनी लाँडरिंग झालंय'. म्हणजे आधी तुम्हाला सांगतात की तुमची ओळख चोरीला गेलीये, आणि मग मदत करण्याच्या नावाखाली ती खरोखर चोरतात. व्हिडिओ कॉलवर वर्दी, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा, दार बंद करा, कुणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना असं कोंडून ७ कोटी रुपये काढले, त्यांच्यासमोर तर सरन्यायाधीशांच्या नावाने खोटी सुनावणी उभी केली होती. एवढा मोठा उद्योग चालवणारा माणूस. म्हणून 'लोक एवढे भोळे कसे' असं जे म्हणतात ना त्यांचं मला अजिबात पटत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं की डिजिटल अरेस्ट असा काही प्रकार कायद्यातच नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, कुठलंही कोर्ट पैसे 'तपासणीसाठी' एखाद्या खात्यात टाकायला सांगत नाही.

इथेही भीडच बघा. साहेबाचा फोन कापायचा कसा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच नाही. मोठ्या आवाजात, हिंदी-इंग्रजीत, हुद्दा सांगून कुणी बोललं की आपण उभे राहून ऐकतो. माझ्या ओळखीतल्या ज्येष्ठांना मी एक वाक्य पाठ करून ठेवायला सांगते, 'मी घरच्यांशी बोलून तुम्हाला कळवते', आणि फोन ठेवायचा. यात उद्धटपणा नाही, भांडण नाही. 'कुणाला सांगू नका' असं कुणी म्हटलं तर त्याच मिनिटाला कुणाला तरी सांगायचं.

आपल्या आसपास काय चाललंय याबद्दल एक गोष्ट बोलायला अवघड आहे. हे सगळं कुठल्यातरी लांबच्या गावात बसलेली टोळी करते असं आपण समजतो, आणि टोळ्या आहेतच, पण लुबाडलेला पैसा जातो कुठे? कुणाच्या तरी खात्यात. ते खातं असतं आपल्याच गल्लीतल्या एखाद्या पोराचं. कॉलेजला असतो, नोकरी शोधत असतो, त्याला कुणीतरी सांगतं की तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, वर थोडे पैसे मिळतील, तुला काही करायचं नाही. तो देतो. आणि पोलीस जेव्हा पैशाचा माग काढत येतात तेव्हा सगळ्यात पहिलं नाव त्याचं निघतं, सिमकार्ड, केवायसी, सही, फोटो सगळं खरं त्याचंच. ज्याने खातं घेतलं त्याचं तर त्याला खरं नावही माहीत नसतं. या मुलांनी आपली ओळख स्वतःच्या हाताने भाड्याने दिलेली असते. घरात पोरं मोठी होत असतील तर हे त्यांच्याशी स्पष्ट बोला. खातं, कार्ड, सिम मित्रालासुद्धा वापरायला द्यायचं नाही, मैत्री तुटली तरी चालेल.

तसंच ओळखीतल्या माणसाचं. कागदपत्रं जमवून देणारा एजंट, कर्जाच्या फाइली नेणारा ओळखीचा मुलगा, फोन रिपेअरला देताना सांगितलेला पासवर्ड, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं एटीएम चालवून देणारा भाचा. कुणावर संशय घ्या म्हणत नाहीये मी, बहुतेक माणसं चांगलीच असतात. पण पिन चांगल्या माणसालाही सांगायचा नसतो, त्यात त्याचंही भलं आहे, उद्या काही झालं तर त्याच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.

आणि झालंच तर. पहिला फोन १९३० ला. हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, तिथे तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते थोपवायचा प्रयत्न होतो, म्हणून मिनिटं महत्त्वाची. घरच्यांना आधी सांगू की नंतर, रागावतील का, हा विचार तेव्हा करायचाच नाही. मग बँकेला, लेखी, ॲपवरून किंवा ईमेलवर, वेळ दिसेल असं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी झालीये, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी तुम्ही दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतीत लवकर कळवण्यातच फायदा आहे. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाकून तिचा नंबर जपून ठेवायचा, स्क्रीनशॉट, कॉलच्या वेळा, मेसेज काहीही डिलीट करायचं नाही, राग आला तरी नाही.

पोलीस स्टेशनला जाताना लोक बिचकतात. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर मिळेल अशी भीती असते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, कलम १७३. आणि ओळखचोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-सी, दुसऱ्याची डिजिटल सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटर किंवा फोनवरून फसवणं ६६-डी मध्ये येतं. अर्जात ही कलमं लिहिली तर समोरच्यालाही कळतं की तुम्ही नुसते गाऱ्हाणं घेऊन आलेले नाही.

गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपयांहून जास्त गेले. एवढ्या मोठ्या आकड्यात आपल्या ओळखीची माणसं नसतील असं होईल का? आहेत, ती गप्प आहेत. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर काकूंनी त्यांचा सगळा प्रकार नाव लावून लिहिला तेव्हा त्याच रात्री तिघांनी त्यांना खाजगीत मेसेज केले की आमच्याकडेही असंच झालं होतं, कुणाला बोललो नाही. त्यातल्या एकाला आलेला फोन आणि दुसऱ्याला आलेला फोन अगदी त्याच शब्दांतला होता. पहिल्याने तेव्हाच ग्रुपवर टाकलं असतं तर दुसऱ्याने फोन उचलला तरी पुढचं वाक्य त्याला माहीत असतं.

काकूंनी रिपोर्टच्या संस्थेकडे ऑनलाइन डिस्प्यूट टाकला, दोन्ही कर्ज कंपन्यांना वेगळी पत्रं दिली, पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडली. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये ग्राहकाला द्यायचे असा नियम आहे, तो त्यांनी पत्रात नमूद केला. तिथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. एका कंपनीने नोंद काढली. दुसरीने विचारलं की ती वस्तू तुम्ही घेतली नाही याचा पुरावा काय. त्यावर काकूंनी उलट त्यांच्याकडेच मागितलं, अर्जावरची सही, अर्जासोबतचा फोटो, आणि वस्तू ज्या पत्त्यावर पोचवली त्याची पावती. ते कागद अजून आलेले नाहीत, लोकपालाकडच्या तक्रारीचा मसुदा आम्ही दोघींनी कालच पूर्ण केला.